विसावी पायरी

१

सोमवारी सकाळी साइट ऑफिसचं कपाट उघडलं तेव्हा आत तीन हेल्मेटं, एक मोडकी मोजपट्टी आणि चहाचे सात कप होते. स्टील तपासणीचं रजिस्टर मात्र नव्हतं.

"नीट बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. बांधायला घेतलेला मुलांचा दवाखाना त्यांचा, पैसा त्यांचा, आणि आवाज न चढवता माणसाला घाम फोडायची कलाही त्यांचीच.

साइट इंजिनियर मी, म्हणून मी नीट बघितलं. कपांमागेसुद्धा बघितलं.

हे रजिस्टर म्हणजे साधी जाड वही. स्लॅब भरण्याआधी सळ्या बरोबर बांधल्यात का ते तपासायचं आणि कोणी काय विचारलं, कोणी काय सांगितलं, ते लिहून सह्या करायच्या. एकदा काँक्रीट पडलं की आतलं काही दिसत नाही. मग साक्षीला उरते ती ही वही.

आणि साक्षीची गरज पडली होती. दहा दिवसांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या गॅलरीचे टेकू काढले आणि गॅलरी पुढून दोन बोटं खाली बसली. भिंतीला लागून वरच्या अंगाने लांबलचक भेग पडली. नशिबाने खाली कोणी नव्हतं. टेकू परत लावले, गावाला गेलेल्या डॉक्टरबाई परत यायची वाट बघितली आणि आज त्या आल्या होत्या.

"मला सोप्या भाषेत सांगा. चूक कुठे झाली?"

"गॅलरी कॅन्टिलिव्हर आहे," मी म्हणाले. "म्हणजे भिंतीतून बाहेर निघालेली, पुढे आधार नसलेली. ती वाकली तर वरून फाटते, म्हणून तिच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला लागतात. नेहमीच्या स्लॅबला खाली. इथे गॅलरीलाही खालीच पडल्यात."

"आणि ड्रॉइंगमध्ये?"

मी फाइलमधून सतरा नंबरचं ड्रॉइंग काढून टेबलावर पसरलं. सळ्या वर. स्वच्छ, ठसठशीत, वर.

"झालं मग," ठेकेदार म्हणाला. "ड्रॉइंग बरोबर, काम चूक. स्लॅबच्या दिवशी मी दुसऱ्या साइटवर होतो. मिस्त्रींनी बांधलं, मिस्त्रींनी भरलं. आता रजिस्टर कोणी पळवलं ते वेगळं सांगायला हवं का?"

मिस्त्री दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. चाळीस वर्षं काम केलेला माणूस. त्यांनी ओळंबा सोडलेली भिंत दुसऱ्या कोणी तपासायची नाही, असा या धंद्यात रिवाज. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"बुधवारी अकरा वाजता सगळे इथे बसू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोवर रजिस्टर आलं नाही तर मिस्त्रींना मी कामावरून काढणार. आणि का काढलं ते ठेकेदारांच्या संघटनेला लेखी कळवणार. या गॅलरीत मुलं उभी राहणार होती."

असं पत्र गेलं की मिस्त्रींच्या हाती पुन्हा कोणी थापी देणार नव्हतं. मिस्त्रींनी नुसती मान डोलावली, जणू त्यांना कोणी वेळ सांगितली होती. मला ते मान डोलावणं काही पटलं नाही. मी बाहेर येऊन आत्याला फोन लावला.

२

माझी आत्या तेहतीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसर होती. कॉम्प्युटर यायच्या आधी नकाशे पातळ कागदावर शाईने गिरवणारी जी माणसं असत, त्यातली. मी पाच वर्षांची असताना इतर मुली बाहुलीचं लग्न लावत आणि आत्या मला दारापुढे उभी करून विचारे, "दाराच्या डोक्यावरचा आडवा तुकडा? लिंटेल. खिडकीच्या पायाशी? सिल. आणि घर जमिनीवरून जेवढं उचललंय ते? जोतं. आता खाऊ घे." मी इंजिनियर झाले यात माझा फारसा हात नाही.

मंगळवारी ती आली. कापडी पिशवी, भिंग आणि पायात रबरी चपला. ऑफिस वरच्या मजल्यावर. जिना दोन टप्प्यांचा, दहा आणि दहा अशा वीस पायऱ्यांचा. काँक्रीट अजून उघडंच होतं, दगड बसायचा होता. वर पोचता पोचता आत्याचा पाय शेवटच्या पायरीला अडकला आणि ती गुडघ्यावर आली.

"अगं आई," मी धावले.

आत्या उठली नाही. तिथेच बसून तिने पिशवीतून टेप काढला आणि पायऱ्या मोजायला लागली. "सहा इंच. सहा. सहा. आणि ही विसावी आठ. वरच्या मजल्याला फरशी घातली, तिचा आणि खालच्या सिमेंटच्या मसाल्याचा थर कोणी धरलाच नाही. हे कसं झालं?"

"झालंय तसं," मी म्हणाले. "सगळ्यांना सवय झालीय. तू ड्रॉइंग बघ ना."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि टेप गुंडाळला.

ऑफिसात तिने फाइलमधली सगळी ड्रॉइंग एकेक करून पसरली. तेहतीस होती. सोळा नंबरवर सिमेंटचे अंगठे होते, घड्या फाटून चिकटपट्ट्या लागल्या होत्या, कोपऱ्यात चहाचं वर्तुळ. अठरा नंबरवर कोणीतरी बेरीज केली होती आणि ती चुकली होती. सतरा नंबर तिने खिडकीशी नेऊन भिंगातून बघितलं, उलटं करून बघितलं, शेवटी नाकाला लावलं.

"यावरूनच गॅलरी भरली ना?"

"हो. तारीख बघ, आठ महिन्यांपूर्वीची. सळईसाहेबांचा शिक्का आहे."

सळईसाहेब म्हणजे आमचे स्ट्रक्चरल कन्सल्टंट. कुठे किती जाडीची सळई, ते ठरवणारे. हे नाव त्यांना साइटवरच्या लोकांनी ठेवलेलं.

"आठ महिने साइटवर राहिलेला कागद बघायचाय तर हा सोळा नंबर बघ," आत्या म्हणाली. "खिडकीकडची बाजू पिवळी पडलीय. आणि हा सतरा बघ. घडी एकदाच घातलीय. सिमेंटचा कण नाही. सळ्या बांधताना माणसं हा पसरून त्यावर गुडघे टेकतात, आणि याच्यावर एक बोट नाही. बाळे, या कागदाने काम कधी बघितलेलंच नाही."

मी तो कागद घेऊन उलटसुलट करून बघितला.

"खरा सतरा कोणीतरी काढून नेला," आत्या म्हणाली, "आणि हा शहाणा इथे आणून ठेवला."

३

ठेकेदार जिना चढताना वरच्या पायरीला गुडघा असा उचलायचा, जणू डबकं ओलांडतोय. तो आला, बसला आणि न विचारताच सुरू झाला.

"बाई, मला काय फायदा? गॅलरी फोडून परत भरायची म्हणजे माझेच दिवस जाणार. आधीच काम तुंबलंय. फरशीवाला आठवडाभर डोकं खातोय, वरच्या बाथरूमचा खड्डा भरून द्या म्हणून. बाकी सगळं झालं, तेवढंच उरलंय. विटांचे तुकडे येऊन पडलेत. पण मिस्त्री हात लावू देत नाहीत. म्हणतात, मीच भरीन, उद्या भरीन."

"ऑफिसची किल्ली कुणाकडे असते?"

"चौकटीमागे खिळ्याला. सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारी एक ते दोन आम्ही सगळे मागच्या झाडाखाली जेवतो. तेव्हा इथे वीट चालत गेली तरी कुणाला कळणार नाही."

आत्याने सतरा नंबर त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो उचलला, बघितला, परत ठेवला. कडेला दोन करडे अंगठे उमटले.

"हा नाही," तो गेल्यावर आत्या म्हणाली. "हा माणूस स्वतःच्या लग्नाच्या फोटोवरही सिमेंट लावेल."

मग मिस्त्री आले. त्यांनीही शेवटच्या पायरीला पाय उंच उचलला. आत्याने त्यांना खुर्ची दिली, ते उभेच राहिले.

"मिस्त्री, गॅलरीला सळ्या वर लागतात हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत असतं सगळं. चूक होते माणसाच्या हातून."

"रजिस्टर?"

"मला नाही आठवत."

"त्या दिवशी कोण आलं होतं साइटवर?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर. "मला नाही आठवत, बाई. मीच केलं असं धरा आणि सोडा विषय." आणि ते निघून गेले.

शेवटी सळईसाहेबांना फोन. आत्याने फोन मोठ्या आवाजावर ठेवायला सांगितला. साहेब गोड बोलले. "उद्या मीटिंगला येतोच. पण मी काय सांगणार? पाया भरला तेव्हा आलो होतो, त्यानंतर मी या साइटवर पाऊल ठेवलेलं नाही. तेव्हा तर जिनासुद्धा नव्हता. माझं काम कागदावरचं."

फोन ठेवल्यावर आत्या खिडकीशी गेली. "एक गोष्ट मला कळत नाही," ती म्हणाली. "ज्या माणसाची भिंत सुताने हलत नाही, तो जिन्यात दोन इंच चुकतो कसा?"

मी कप विसळायला घेतले. आत्यापासून मी एक गोष्ट लपवली होती. खरं तर दोन. आणि त्यातल्या एकीमुळे, रजिस्टर नाहीच सापडलं तर बरं, असंही सोमवारपासून दोनदा माझ्या मनात येऊन गेलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, पण मी तोंड उघडलं नाही.

४

बुधवारी पावणेअकरापासून आत्या जिन्याच्या वर स्टूल टाकून बसली. मांडीवर पिशवी, डोळे अर्धवट मिटलेले. येणाऱ्याला वाटावं, म्हातारी दमलीय.

आधी डॉक्टरबाई आल्या. त्या साइटवर चार-पाचदाच आलेल्या. शेवटच्या पायरीला त्यांचा बूट आदळला, त्यांनी कठडा धरला आणि "ही पायरी!" एवढंच म्हणाल्या. मग ठेकेदार, डबकं ओलांडून. मग मिस्त्री.

सळईसाहेब सर्वांत शेवटी. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन. मधल्या वळणावर थांबून ते मागे वळून ड्रायव्हरला काहीतरी ओरडले आणि तसेच, अर्धं तोंड मागे ठेवून, फोनवर बोलत दुसरा टप्पा चढले. विसाव्या पायरीपाशी त्यांचा गुडघा आपसूक उंच उचलला गेला. पाय अलगद फरशीवर टेकला. बोलण्यातला शब्दसुद्धा अडखळला नाही.

आत्याने डोळे उघडले.

मीटिंग सुरू झाली. ठेकेदाराने मिस्त्रींवर खापर फोडलं, साहेबांनी सतरा नंबर दाखवून "ड्रॉइंग तर स्पष्ट आहे" म्हटलं, आणि डॉक्टरबाईंनी पत्राचा कागद पुढे ओढला. मिस्त्री खाली बघत उभे होते.

"सही करण्याआधी मला दोन मिनिटं द्या," आत्या म्हणाली. "साहेब, तुम्ही हा जिना आज पहिल्यांदा चढलात ना?"

"हो, काल सांगितलं मी."

"मग पडला का नाहीत?"

५

साहेब हसले. बाकी कोणी हसलं नाही.

"शेवटची पायरी दोन इंच उंच आहे," आत्या म्हणाली. "मी काल पडले, माझा गुडघा साक्षीला आहे. डॉक्टरबाई आज पाचव्या खेपेला ठेचकाळल्या. रोज चढणारी माणसं पाय उचलतात, कारण आपटून आपटून पायाला सवय होते. तुमची नजर मागे होती, लक्ष फोनवर होतं, आणि पाय मात्र बरोबर आठ इंच उचलला गेला. डोक्याने खोटं बोललात साहेब, पण पायाला सांगायचं राहून गेलं."

"हा योगायोग आहे."

"असेल. मग हा कागद बघू." तिने सोळा, सतरा आणि अठरा नंबर शेजारी शेजारी मांडले. डॉक्टरबाईंना काही समजावून सांगावं लागलं नाही. दोन मळकट म्हाताऱ्यांमध्ये एक नुकतीच आंघोळ करून आलेली तरुणी बसल्यासारखं दिसत होतं. "यावरचे दोन अंगठे ठेकेदारांचे, कालचे, माझ्यासमोर उमटलेले. त्याआधी हा कोराच होता. तारीख आठ महिन्यांपूर्वीची, छपाई आठवड्याची. आणि हा शिक्का फक्त तुमच्या ऑफिसात असतो."

मग सळईसाहेबांनी बॅग खाली ठेवली.

"घाईत दुसऱ्या स्लॅबचा तपशील उतरवला गेला," ते म्हणाले. आवाजातला गोडवा गेला होता. "सळ्या खाली दाखवल्या गेल्या. गॅलरी बसल्याचं कळलं तेव्हा मूळ कागद काढून बघितला आणि माझी पाचावर धारण बसली. दुपारच्या सुट्टीत येऊन कागद बदलला."

"आणि रजिस्टर?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"त्यासाठीच तर परत परत आलो. आठवडाभर, रोज दुपारी. त्यात माझ्या हातची नोंद आहे. स्लॅबच्या दिवशी मिस्त्रींनी मला बोलावून घेतलं होतं, शिडीने वर चढून आलो होतो मी." त्यांनी कपाळ पुसलं. "पण शपथेवर सांगतो, रजिस्टर मला मिळालं नाही. पहिल्या दिवसापासून ते कपाटात नव्हतंच."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "मग आहे कुठे?"

आत्या उठली. "दहा मिनिटं चहा घ्या. मिस्त्री, जरा माझ्याबरोबर या. आणि तूही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

६

ती आम्हाला वरच्या बाथरूमपाशी घेऊन गेली. तिथला स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप टाकायचे, वर विटांचे तुकडे भरायचे आणि मग फरशी. खड्डा अर्धाच भरलेला होता.

"सगळ्या इमारतीत मिस्त्रींनी अडवून ठेवलेलं हे एकच काम," आत्या म्हणाली. "काढा, मिस्त्री."

मिस्त्रींनी ऐकू न आल्यासारखं केलं. मग खाली वाकून कोपऱ्यातल्या विटा बाजूला केल्या आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही वर काढली.

"नाहीशी करायची होती तर जाळली का नाही?"

"हात होईना, बाई. यात माझंही खरं आहे. वर फरशी घालून टाकावी म्हटलं, तर भरायलाही हात होईना."

आत्याने पान उघडलं. वर मिस्त्रींच्या बोजड अक्षरात, गॅलरीच्या सळ्या ड्रॉइंगमध्ये खाली दिसतात, वर पाहिजेत असं वाटतं, विचारले. त्याखाली साहेबांचं, ड्रॉइंगप्रमाणे करा, आणि सही. आणि सगळ्यांत खाली, सकाळी नऊ वाजता प्रत्यक्ष वर जाऊन स्टील तपासले. सही माझी.

"त्या दिवशी मी साइटवर दुपारी तीनला आले," मी म्हणाले. "मैत्रिणीकडे कार्यक्रम होता. आले तेव्हा काँक्रीट पडून गेलं होतं. मिस्त्री म्हणाले, वर लिहिलंय ताई, वाचून घ्या. मी वाचलं नाही. नऊची वेळ टाकून सही केली."

"आणि पायरी?" आत्याने विचारलं. तिला आधीच कळलं होतं.

"माझा पहिला महिना होता. जिन्याची लेव्हल, म्हणजे उंचीची खूण, मी दिली. फरशीची जाडी धरली का, असं मिस्त्रींनी विचारलं होतं. मी चारचौघांत म्हणाले, कागदावर आहे तसं करा."

इतके दिवस सगळी साइट मिस्त्रींच्या पायरीला हसत होती आणि मिस्त्री पाय उचलून चढत होते.

"का लपवलंत?" मी त्यांना विचारलं.

"पोरीची पहिली इमारत," ते आत्यालाच म्हणाले, माझ्याकडे बघेनात. "माझी आणखी दोन वर्षं. त्यांच्या सहीला अजून तीस वर्षं चालायचंय."

आत्याने वही मिटली आणि माझ्या हातात दिली. लहानपणी चौकटीपुढे उभी करून उत्तराची वाट बघायची, तशीच उभी राहिली.

मी वही घेऊन परत खोलीत गेले आणि ते पान डॉक्टरबाईंपुढे मोठ्याने वाचलं. शेवटची ओळही वाचली, आणि ती खोटी आहे हे सांगितलं. मग पायरीचंही सांगून टाकलं. सगळं सांगून संपल्यावर दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

डॉक्टरबाईंनी पत्राचा कागद फाडला. सळईसाहेबांना काम सोडावं लागलं, आणि गॅलरी फोडून पुन्हा भरायचा भार त्यांच्यावर आला. माझी सही वर्षभर बंद झाली. मला एका सीनियरच्या हाताखाली ठेवलं आणि रोज सकाळी मिस्त्रींबरोबर फिरायची सक्ती केली. ही शिक्षा आहे असं डॉक्टरबाईंना वाटत होतं.

जिन्याला दगड बसवायची वेळ आली तेव्हा मी मिस्त्रींना म्हणाले, "त्या पायरीचं काय करायचं? माझं डोकं चालत नाही."

"दोन इंच एकटीनेच का सोसायचे?" मिस्त्री म्हणाले. "वीस जणींत वाटून टाकू. एकेकीच्या वाट्याला अडीच मिलिमीटर. मसाला तेवढा तेवढा वाढवत गेलं की पत्ता लागणार नाही कुणाला."

चार दिवसांत झालं. पाचव्या दिवशी सकाळी मी नव्या दगडावरून भराभर वर गेले. विसाव्या पायरीपाशी गुडघा आपसूक उंच उचलला, खाली काही सापडलं नाही आणि पाय धपकन फरशीवर आपटला. दात वाजले.

मिस्त्री वर ओळंबा सोडून उभे होते. त्यांनी दोरीवरची नजर हलवली नाही.

"ती चूक गेली, ताई," ते म्हणाले. "पायाला कळायला थोडे दिवस लागतील."